संगणकासमोरची जागा

नाशिकच्या अशोकस्तंभाकडून गंगापूर रस्त्याला लागले की शिक्षणसंस्थांची एक ओळच डोळ्यांसमोरून सरकू लागते. 1914 साली स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाची आवारे लागतात. पुढे कुसुमाग्रज स्मारक येते. आनंदवल्ली आणि सोमेश्वर मागे टाकले की गोवर्धनच्या शिवारात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची 'ज्ञानगंगोत्री' दिसते आणि शेवटी धरण. 1989 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठामागचा विचार साधा होता : ज्याला शिक्षणापर्यंत येता येत नाही, त्याच्यापर्यंत शिक्षणाने जावे. हाच विचार मोजपट्टी म्हणून हाती घेतला आणि याच रस्त्यावरच्या, किंवा महाराष्ट्रातल्या कुठल्याही रस्त्यावरच्या, महाविद्यालयाच्या संगणककक्षात शिरलो, तर काय दिसते? संगणकापर्यंत कोणाला पोहोचता येते आणि कोणाला नाही?

हा प्रश्न मला वीसेक वर्षांपूर्वी पडला. अशाच एका संगणककक्षात मराठी विषय घेऊन बी. ए. करणारा एक अंध विद्यार्थी माझ्या शेजारी बसला होता. यंत्रात स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली, चालू होती. इंग्रजी पान तिने सुरळीत वाचले. मग आम्ही एका मराठी टिपणाची फाईल उघडली. मला पडद्यावर स्वच्छ देवनागरी दिसत होती. त्याला मात्र ऐकू आले : 'एच, के, के, जे, आर'. त्याने माझ्याकडे तोंड वळवून विचारले, "सर, हे काय आहे?" पडद्यावरचा शब्द होता 'भारत'.

त्या पाच रोमन अक्षरांत आपल्या संगणकीय मराठीचा बराचसा इतिहास साठवलेला आहे. यंत्राची त्यात चूक नव्हती. फाईल 'कृतिदेव' या टंकात होती. अशा टंकांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. 'एच'च्या जागी अर्धा भ, 'के'च्या जागी काना, 'जे'च्या जागी र, 'आर'च्या जागी त. संगणकाच्या लेखी तेथे मराठी मजकूर नव्हताच, होती ती पाच रोमन अक्षरे आणि त्यांच्यावर चढवलेला देवनागरी मुखवटा. डोळस माणसाला मुखवटाच दिसतो, म्हणून त्याचे अडत नाही. अंध विद्यार्थ्याला मुखवट्यामागचे ऐकू येते.

येथे एक जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. अक्षर म्हणजे चित्र, की ध्वनी? आपल्या वर्णमालेने त्याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. कंठापासून ओठांपर्यंत उच्चारस्थानांनुसार वर्ण मांडणारी ही परंपरा ध्वनीला प्रथम स्थान देते. 'कि' लिहिताना वेलांटी डावीकडे, आधी काढली जाते, पण उच्चारात आधी क येतो आणि मग इ. कृतिदेवसारखे टंक हाताच्या क्रमाने चालत, म्हणजे आधी वेलांटी आणि मग क. हा केवळ तांत्रिक तपशील वाटेल, परंतु वर्गातला एक विद्यार्थी आत की बाहेर, हे त्यावरच ठरत होते.

अपंगत्व आणि लेखनयंत्रे यांचे नाते संगणकाहून बरेच जुने आहे. टंकलेखन यंत्राच्या आरंभीच्या कथांत पेल्लेग्रीनो तुर्री या इटालियन गृहस्थाचे नाव येते. 1808 च्या सुमारास त्याने आपल्या एका अंध स्नेही सरदारकन्येला स्वतःची पत्रे स्वतः लिहिता यावीत म्हणून एक यंत्र तयार केले. यंत्र उरले नाही, तिची काही पत्रे उरली. लुई ब्रेलने आपली सहा टिंबांची लिपी 1829 साली प्रसिद्ध केली. आज आपण ज्या कळफलकावर बोटे चालवतो त्याच्या पूर्वजांत एका अंध स्त्रीची गरज आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे 'अपंगांसाठी खास सोय' हा शब्दप्रयोग थोडा उलटा वाटू लागतो.

आपल्याकडे मुंबईत 1900 साली अमेरिकन मिशनच्या मिस मिलार्ड यांनी अंधांची शाळा काढली, तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेली. त्या काळी भारतीय भाषांसाठी एक नव्हे, अनेक ब्रेल लिप्या प्रचारात होत्या. एका शाळेत शिकलेल्याला दुसऱ्या शाळेचे पुस्तक वाचता येईलच असे नव्हते. ही फाटाफूट 1951 साली 'भारती ब्रेल'च्या स्वीकाराने मिटली. भारती ब्रेलने ध्वनी हा पाया मानला. मराठी क, बंगाली क, तमिळ क यांना एकच खूण, आणि तीच रोमन 'के'ची. 'कि' लिहायचे तर आधी क, मग इ. वेलांटीचा डावे-उजवेपणा येथे उरतच नाही. म्हणजे लिपीच्या चित्राला बाजूला सारून ध्वनीच्या क्रमाने मराठी लिहिण्याची व्यवस्था 1951 मध्येच अंधांच्या हाती होती.

संगणकाच्या जगात हाच विचार 1980 च्या दशकात आला. आयआयटी कानपूरला सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. सी-डॅकची स्थापना 1988 ची. भारतीय भाषांसाठी 'इस्की' ही संकेतावली आणि 'इनस्क्रिप्ट' हा कळफलक तयार झाला. दोन्हींचा पाया ध्वनीच होता. इनस्क्रिप्टवर स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ एकाच कळीवर. ज्याला कळफलक पाहता येत नाही त्याच्या बोटांना अशी तर्कशुद्ध रचना लवकर पाठ होते. 1991 साली युनिकोड आले, तेव्हा त्यातील देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली गेली. 'विंडोज 2000' पासून सर्वसामान्य यंत्रावर युनिकोड देवनागरी वापरणे शक्य झाले.

मग 2004 साली माझ्या शेजारच्या विद्यार्थ्याला 'एच, के, के, जे, आर' का ऐकावे लागले? कारण मराठीचे संगणकीकरण मुख्यतः छपाईच्या वाटेने झाले. प्रकाशक, वृत्तपत्रे, मुद्रक, सरकारी कार्यालये यांना कागदावर सुबक अक्षर उमटवायचे होते. त्या टंकांनी मराठी पुस्तकांची छपाई सोपी आणि स्वस्त केली, हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या साऱ्या व्यवहारात एक गृहीतक न बोलता शिरले : वाचणारा पाहतोच. मानक हाताशी असतानाही ते वापरण्याची निकड कोणाला भासली नाही, कारण ज्याचे अडत होते तो कोणत्याही निर्णयाच्या जागी बसलेला नव्हता.

स्क्रीन रीडरचा इतिहास याला समांतर चालला. अमेरिकेत टेड हेंटर या अंध अभियंत्याच्या कंपनीने 1989 मध्ये 'जॉज' ही प्रणाली डॉससाठी आणली, पुढे ती विंडोजवर आली. ती उत्तम होती, पण तिची किंमत आपल्या महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेरची. 2003 साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिहीनांसाठी स्वतंत्र संसाधन केंद्र सुरू झाले, हे त्या काळातले महत्त्वाचे पाऊल. 2006 मध्ये मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने 'एनव्हीडीए' ही मोफत प्रणाली लिहायला घेतली. तिच्यासोबत चालणाऱ्या 'ईस्पीक' या मुक्त वाचायंत्राला मराठीही येते. आवाज यांत्रिक, उच्चार ओबडधोबड, पण 'भारत' हा शब्द तो 'भारत' असाच वाचतो. मात्र एका अटीवर : मजकूर युनिकोडमध्ये असला पाहिजे.

यात पणाला काय लागले आहे, ते परीक्षेच्या वेळी कळते. अंध विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो, तासाला किमान वीस मिनिटे जादा मिळतात. 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत स्वतःचा लेखनिक आणणाऱ्यासाठी अट होती की तो परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी शिकलेला असावा. गैरप्रकार टाळण्यासाठी ती योग्यच म्हणावी. पण साहित्याच्या विद्यार्थ्याचे काय होते? मर्ढेकरांवरचे उत्तर तो तोंडी सांगतो आणि त्याहून कमी शिकलेले कोणी ते लिहिते. ऱ्हस्वदीर्घ लेखनिकाचे, विरामचिन्हे लेखनिकाची. वाक्य मागे जाऊन दुरुस्त करण्याचा, एक शब्द खोडून दुसरा ठेवण्याचा संकोच मात्र विद्यार्थ्याचा. त्याच तत्त्वांत संगणकावर उत्तरे लिहिण्याचा पर्यायही दिलेला होता. पण ज्याला तीन वर्षांत महाविद्यालयाच्या संगणकावर मराठीचा सराव करता आला नाही, त्याला परीक्षेच्या दिवशी तो पर्याय असून नसल्यासारखा. स्वतःचे वाक्य स्वतः लिहिणे म्हणजे काय, हे लेखक म्हणवणाऱ्या आपणा साऱ्यांना वेगळे सांगायला नको.

प्रश्न अंधांपुरताही नाही. इनस्क्रिप्टवर ख, घ, फ, ळ आणि सारे सुटे स्वर उमटवायला शिफ्टची कळ दाबून धरावी लागते. एकाच हाताने लिहिणाऱ्याला हे कसे जमावे? त्यासाठी 'स्टिकी कीज' ही सोय आहे. शिफ्ट दाबून सोडली तरी ती पुढच्या अक्षरापर्यंत धरून ठेवली जाते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील ट्रेस केंद्राच्या कामातून ती पुढे आली आणि 'विंडोज 95' पासून प्रत्येक यंत्रात आहे. तिला एक पैसा लागत नाही. मराठी लिहिताना शिफ्ट सतत लागते, म्हणून तिची गरज इंग्रजीपेक्षा आपल्याला अधिक. तरीही संगणक शिकवणाऱ्या किती शिक्षकांनी ती कधी चालू करून दाखवली असेल?

आणि टेबल! चाकाच्या खुर्चीला उभे राहायला साधारण 900 बाय 1200 मिलिमीटर जागा हवी, वळायला 1500 मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ, आणि टेबलाखाली गुडघे जातील अशी 70 सेंटिमीटरच्या आसपास मोकळी उंची. आपल्या संगणककक्षांतल्या टेबलांखाली नेमके तेथेच सीपीयूचे कप्पे, फळ्या आणि वायरींचे गुंतवळ असतात. एका रांगेतले शेवटचे टेबल मोकळे करायला सुताराचे एका दिवसाचे काम पुरते. कक्ष पहिल्या मजल्यावर आणि इमारतीला उद्वाहन नसेल, तर मात्र हे सारे व्यर्थ.

कायदा मागे राहिलेला नाही. 1995 च्या कायद्याने शिक्षणात 3 टक्के जागा राखल्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने उच्च शिक्षणात त्या 5 टक्के केल्या, अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 वर नेले आणि वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके व साहाय्यक साधने मोफत देण्याचे बंधन सरकारवर घातले. अठरानंतर, म्हणजे नेमके महाविद्यालयात पाऊल ठेवल्यावर, सारी भिस्त संस्थेच्या समजुतीवर येते. अनुदान आले की एक 'खास' संगणक खरेदी होतो आणि एका कोपऱ्यात, पुष्कळदा कुलपात, बसतो. विद्यार्थ्याला तो वापरायचा तर अर्ज करावा लागतो. त्याऐवजी मोफत स्क्रीन रीडर कक्षातल्या प्रत्येक यंत्रावर घातला, प्रत्येक खात्यात मराठी आवाज आणि इनस्क्रिप्ट चालू ठेवला, दोन-चार हेडफोन टांगून ठेवले, तर तो विद्यार्थी मित्राशेजारच्या कोणत्याही यंत्रावर बसू शकेल. त्याला 'खास' व्हायचेच नसते, वर्गातला एक व्हायचे असते.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दरवर्षी 27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, आपण मराठीचा गौरव करतोच. पण अजूनही अभ्यासक्रम, टिपणे, जुने अंक जालावर चढतात ते छायाचित्रित पानांच्या रूपात. म्हणजे आपण पुन्हा अक्षराचे चित्रच करून ठेवतो. कृतिदेवच्या फाईलीत निदान पाच रोमन अक्षरे ऐकू येत होती, या पानांतून काहीच ऐकू येत नाही. आता अशी पाने पुन्हा मजकुरात आणणारी साधने मराठीसाठीही उपलब्ध आहेत. काम चिकाटीचे आहे, अशक्य नाही.

त्या दिवशी मी फाईल बंद केली आणि टिपणाची चार पाने त्याला वाचून दाखवली. तो आभार मानून गेला. आज त्या आभारांचा थोडा संकोच वाटतो. त्याला माझे डोळे नको होते. त्याला ते टिपण हवे होते, आणि ते वाचायला मी नसतो तरी चालावे, एवढेच.