गंज रोखणारे आम्ल

आम्लाने लोखंड झिजते, हे आठवीतल्या मुलालाही ठाऊक असते. त्याच आम्लाने लोखंड राखण्याच्या रीतीचे पेटंट १९०६ साली बर्मिंगहॅमच्या टॉमस वॉट्स कॉस्लेट यांनी घेतले. फॉस्फोरिक आम्लात लोहकीस टाकायचा आणि उकळत्या द्रावात वस्तू बुडवायची. पृष्ठभागालगतचे आम्ल लोखंडाशी क्रिया करण्यात खर्ची पडते, हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि आम्लता उतरताच न विरघळणारे फॉस्फेट स्फटिकरूपाने तिथेच चिकटते. १९१५ साली डेट्रॉइटला पार्कर कंपनी निघाली. ‘पार्करायझिंग’ हे नाव तिच्यावरूनच. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी रायफलींचा निस्तेज राखाडी रंग याच थराचा. चकाकी नाही, हेही सैनिकाच्या पथ्यावरच पडले!

पण हा थर एकटा गंज अडवत नाही. तो सच्छिद्र असतो, तेल धरून ठेवतो; खरी राखण ते तेल करते. तेल वाळले, घामाचे मीठ लागले, की तांबूस डाग उमटतात. म्हणून बंदूक हाताळल्यावर पुसून हलके तेल लावायचे. घासून लखलखीत करू गेल्यास थरच जातो.

दिल्लीच्या लोहस्तंभाला सुमारे सोळाशे वर्षे कोणी तेल लावत बसले नव्हते. त्याच्या लोखंडातच फॉस्फरस जास्त आहे. कानपूर आय.आय.टी.चे आर. बालसुब्रमण्यम यांना त्यावरच्या पापुद्र्यात लोहाचे फॉस्फेट आढळले.

पणदऱ्याच्या विद्यार्थ्याला मात्र दिल्ली गाठायला नको. रस्त्यावरच्या मोटारीच्या पत्र्यालाही रंगाआधी फॉस्फेटचा थर देतात. तिथे तेलाची जागा रंगाने घेतलेली असते.