सावली, पाणी आणि पाळणा : दुष्काळी कामापासून हक्काच्या कामापर्यंत

आजचा धागा सिद्धेश्वरच्या धरणापासून सुरू करू या. औंढा नागनाथ तालुक्यात, पूर्णा नदीवर, येलदरीच्या खालच्या अंगाला हे धरण आहे. पूर्णा प्रकल्पातील हे काम १९६८ साली पूर्ण झाले. धरणाची उंची, पाणीसाठा, दरवाजे यांची नोंद सहज सापडते. पण डोक्यावर घमेले घेऊन मातीच्या खेपा टाकणारी बाई आपले तान्हे मूल कोठे निजवत असे, हे अशा नोंदींत कधीच नसते. हा प्रश्न एका धरणापुरता नाही. महाराष्ट्रातील सगळ्याच मातीकामाला तो विचारता येतो, आणि त्याचे उत्तर शंभर वर्षांत बरेच बदलले.

मागे जाऊ, १८७७ साली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. आपली गोष्ट शेजारच्या मुंबई इलाख्यातील आहे. दुष्काळ भीषण होता आणि सरकारला चिंता खर्चाची होती. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील पुरुषाची रोजची मजुरी ठरवली : एक पौंड धान्य आणि एक आणा. बाईला आणि मुलाला त्याहून कमी. दिवसभर कष्ट, सावली नाही, विसावा नाही. त्यात माणसांना गावाजवळच्या कामांवरून काढून मैलोगणती दूरच्या कामांवर धाडण्याचे धोरण. यामागे एक तर्क होता आणि तो आज वाचताना अंगावर काटा येतो : काम जितके जाचक, तितके खरे गरजूच तेथे येतील. घरापासूनचे अंतर ही गरिबीची परीक्षा ठरली.

लोकांनी मात्र ही परीक्षा देण्याचेच नाकारले. हजारो मजुरांनी काम सोडले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. उपाशी माणसांचा संप! आपल्या पाठ्यपुस्तकांत याला एखादी ओळ तरी मिळायला हवी होती. टेंपल त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेतील अनुच्छेद ४२ हा या तर्काच्या नेमका उलट आहे. कामाची परिस्थिती न्याय्य व माणुसकीची असावी आणि प्रसूतीच्या काळात साहाय्य मिळावे, यासाठी राज्याने तरतूद करावी, असे तो सांगतो. अर्थात हे मार्गदर्शक तत्त्व. त्याच्या आधारे थेट न्यायालयात जाता येत नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. सिद्धेश्वर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते आणि मराठवाडा होरपळत होता. खडी फोडणे, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरातील अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. कामावर मिळालेली सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो ज्यांनी खाल्ला, ती पिढी अजून आपल्या घरांत आहे. त्यांना एकदा जरूर विचारा.

या काळापूर्वीच वि. स. पागे यांच्या मनात रोजगार हमीची कल्पना रुजली होती. ते विधान परिषदेचे सभापती. तासगाव तालुक्यात १९६५ साली त्यांनी तिचा प्रयोगही करून पाहिला होता. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. गावातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले की १५ दिवसांत ते द्यायचे, नाहीतर बेकारी भत्ता द्यायचा. काम शक्यतो आपल्याच पंचायत समितीच्या क्षेत्रात. पिण्याचे पाणी, विसाव्याला सावली, प्रथमोपचार आणि लहान मुलांसाठी पाळणाघर, हे सारे कामाच्या जागी हवे. १८७७ साली दूर अंतर ही मजुराची कसोटी होती. आता काम जवळ आणणे ही सरकारची जबाबदारी झाली.

पैसा कोठून आला, तेही पाहण्यासारखे आहे. १९७५ साली राज्याने व्यवसाय कर लावला, तो या योजनेसाठी. नोकरी करणाऱ्या मित्राच्या पगारपत्रकावर २०० रुपयांची जी कपात दिसते (फेब्रुवारीत ३००), तिचा जन्म दुष्काळी बांधावरचा आहे.

योजनेचे गोडवेच गाण्याचे कारण नाही. मजुरी कामाच्या मोजमापावर, मोजमाप उशिरा, म्हणून पैसेही उशिरा. पाळणाघरे तर पुष्कळ ठिकाणी कागदावरच राहिली. झाडाला बांधलेली जुनेराची झोळी हाच खरा पाळणा. तरीही या कामांवर बाया मोठ्या संख्येने येत राहिल्या. गावाजवळ काम, आणि दर पुरुषाइतकाच. शेतमजुरीत त्या काळी बाईला हे दोन्ही क्वचितच मिळत असे.

पुढे २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात काम गावापासून ५ किलोमीटरच्या आत असावे, त्यापलीकडे असल्यास १० टक्के मजुरी जादा द्यावी, असे ठरले. आणखी एक कलम आले : कामावर आलेल्या बायांची सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांच्यापैकी एकीने मुले सांभाळायची आणि तिलाही मजुरी द्यायची. मूल सांभाळणे हेही काम आहे, हे मातीकामाच्या हजेरीपटावर असे नोंदले गेले.