माउस नावाचा तोतया

संगणकाच्या इतिहासाबद्दल बोलताना एक वाक्य आपण सगळेच सहज बोलून जातो: माउस आला आणि कीबोर्डवर चालणारे जुने प्रोग्राम गेले. प्रत्यक्षात तसं झालं नाही. माउस आला तेव्हा जुने प्रोग्राम आपापल्या जागी घट्ट बसलेले होते, लोकांची रोजची कामं त्यांच्यावर चालत होती. पुढची काही वर्षं माउसलाच त्यांच्या दारात उभं राहून जागा मागावी लागली. ती जागा त्याला कशी मिळाली, हे आज आपण बघणार आहोत.

सुरुवातीच्या तारखा पटकन सांगून टाकू. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माउस लोकांसमोर चालवून दाखवला. त्यांच्या उजव्या हाताशी माउस होता, मध्ये कीबोर्ड होता आणि डाव्या हाताशी पाच पट्ट्यांची आणखी एक छोटी कळपेटी होती. म्हणजे माउसच्या जनकाला कीबोर्ड हटवायचा नव्हताच. पुढे १९७३ चा झेरॉक्स आल्टो आणि १९८४ चा मॅकिंटॉश आले. त्यांचे प्रोग्राम लिहितानाच माउस गृहीत धरलेला होता, म्हणून आज आपण त्यांच्याकडे वळणार नाही. आपला विषय आहे १९८१ चा आयबीएम पीसी. त्याच्याबरोबर माउस नव्हता, आणि त्याचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या डोक्यातही तो नव्हता.

या पीसीसाठी १९८२ मध्ये माउस सिस्टिम्स या कंपनीने माउस आणला आणि १९८३ मध्ये मायक्रोसॉफ्टने. मायक्रोसॉफ्टच्या माउसची दोन बटणं हिरवी होती आणि किंमत १९५ डॉलर. आता विकणाऱ्याची पंचाईत बघा. गिऱ्हाईक विचारणार, हा घेऊन करू काय? माझ्याकडे वर्डस्टार आहे, लोटस वन-टू-थ्री आहे, आणि दोघांनाही माउस कशाशी खातात ते माहीत नाही. लोटस बदलायचा तर तो लोटस कंपनीनेच बदलायला हवा, मायक्रोसॉफ्टच्या हातात ते नव्हतं.

यावर जी युक्ती निघाली तिला आम्ही तोतया म्हणतो. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला तसा इथे कीबोर्डचा तोतया उभा राहिला. पीसीमध्ये दाबलेली कळ थेट प्रोग्रामकडे जात नाही. ती आधी मेमरीतल्या एका छोट्या रांगेत बसते. या रांगेत एका वेळी १५ कळा मावतात, रांग भरली की मशीन टूं करून ओरडतं. प्रोग्राम त्या रांगेतून एकेक कळ उचलतो. ती कळ खरोखर बोटाने दाबलेली आहे की दुसऱ्या कोणी तिथे आणून ठेवली आहे, हे तपासायचं त्याच्या मनातही येत नाही. मग मेमरीत एक छोटा प्रोग्राम बसवून ठेवायचा, त्याने माउसवर नजर ठेवायची, आणि माउस उजवीकडे सरकला की मूळ प्रोग्रामला उजव्या बाणाच्या कळा पोचवायच्या. लोटसच्या दृष्टीने कोणीतरी बाण दाबतोय, एवढंच.

मायक्रोसॉफ्टच्या माउसबरोबर यासाठी एक लहानशी भाषाच मिळत असे. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायचं की डावं बटण दाबलं तर अमुक कळा टाइप कर, उजवं दाबलं तर अमुक मेनू पडद्यावर काढ, आणि आडवं इतकं अंतर सरकलं की एक बाण पाठव. हे अंतर मोजायच्या एककाचं नाव होतं मिकी! साधारण इंचाचा दोनशेवा भाग. ती फाइल एका साधनातून काढली की चालणारा मेनू तयार. लोकप्रिय प्रोग्रामांसाठी असे मेनू आयतेच मिळत. वर्डस्टारमध्ये मजकुराच्या तुकड्याची सुरुवात दाखवायला कंट्रोल-के आणि मग बी, शेवट दाखवायला कंट्रोल-के आणि मग के. ही जोडी बटणांवर बसवता येत होती. वर्डस्टारच्या एका ओळीलाही हात लावावा लागत नव्हता.

जाता जाता आपल्या जवळचं एक उदाहरण. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड काहींनी वापरलं असेल. ते पीसीत बसवलं की मजकुराच्या पडद्यावर चालणाऱ्या बहुतेक इंग्रजी डॉस प्रोग्रामांत देवनागरी लिहिता-वाचता येई. आपण मराठी साठवतोय याचा त्या प्रोग्रामला पत्ताही नसे. दुसऱ्याच्या प्रोग्रामला हात न लावता त्याच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे कीबोर्ड आणि पडदा यांच्या ठिकाणी, आपली माणसं उभी करायची. कल्पना त्याच घराण्यातली.

पण तोतया सापडतो कुठे? ज्याच्या जागी तो उभा आहे त्या माणसाला जे माहीत असतं ते त्याला विचारलं की सापडतो. लोटसमध्ये पडद्याच्या वर उजव्या कोपऱ्यात एक शब्द असतो: रेडी, लेबल, एडिट, मेनू असा. प्रोग्राम कोणत्या अवस्थेत आहे ते तो शब्द सांगतो. रेडी असताना उजवा बाण एक घर पुढे नेतो, एडिट असताना एक अक्षर पुढे नेतो, मेनू उघडा असताना पुढचा पर्याय निवडतो. फाइल साठवायच्या कळा म्हणजे तिरकी रेघ, एफ, एस. रेडी असताना त्या चालतील. पण तुम्ही एखाद्या घरात नाव टाइप करत असताना माउसने त्याच कळा पाठवल्या, तर ती रेघ आणि ती अक्षरं गिऱ्हाइकाच्या नावाला चिकटतात. माणूस कोपऱ्यातला शब्द बघून हात आवरतो. तोतयाला डोळे कुठून आणायचे?

आणि खरंच, त्याला डोळे दिले गेले! त्या मेनूच्या भाषेत एक आज्ञा अशी होती की पडद्यावरच्या अमुक ओळीत, अमुक रकान्यात कोणता मजकूर आहे तो वाच, जुळला तर हे कर, नाही तर ते कर. म्हणजे रेडी हा शब्द दिसला तरच कळा पाठव. आम्हाला या सगळ्या गोष्टीत ही युक्ती सर्वांत हुशार वाटते, आणि सर्वांत केविलवाणीही. प्रोग्रामच्या पुढच्या आवृत्तीत तो शब्द दोन रकाने सरकला की डोळे गेले.

खरा उपाय म्हणजे प्रोग्रामच्या आतच माउस घालणं. ऐकायला सोपं वाटतं, पण कीबोर्डवरचा जुना प्रोग्राम मुळात वाट बघत बसलेला असतो. तो कळ मागतो आणि ती येईपर्यंत पुढे सरकत नाही. तेवढ्यात माउसचं बटण दाबलं गेलं तर त्याला समजणार नाही, कारण तो दुसऱ्याच दाराशी उभा आहे. मग सगळी रचना उलटी करावी लागते: कळ आली का, माउस हलला का, बटण दाबलं का, असं फिरत फिरत विचारत राहायचं. त्यात पडद्याचं दुखणं वेगळं. ८० रकाने आणि २५ ओळींच्या पडद्यावर माउसचा बाण म्हणजे रंग उलटे केलेला एक चौकोन. ड्रायव्हर त्याखालचं अक्षर जपून ठेवतो आणि माउस हलला की परत लिहितो. मधल्या काळात प्रोग्रामने तिथे नवं अक्षर लिहिलं असेल तर त्यावर जुनंच येऊन बसतं. म्हणून पडद्यावर काही लिहिण्याआधी चौकोन लपवायचा आणि लिहून झाल्यावर परत दाखवायचा. एके ठिकाणी विसरलात की पडद्यावर उंदराच्या लेंड्या.

आता माणसांकडे येऊ, कारण अडचण खरी तिथे होती. चपला बाहेर काढून थंडगार खोलीत जाऊन संगणक शिकण्याचा काळ आपल्यापैकी काहींना आठवत असेल. तिथे शिकलेल्यांच्या बोटांत लोटसचे मेनू अक्षरशः मुरलेले होते, आणि त्या बोटांवरच नोकरी होती. कार्ड, मोरन आणि न्यूएल या तिघांनी १९८० मध्ये याची मापं छापली. सरासरी कुशल टायपिस्ट एक कळ सुमारे ०.२ सेकंदात दाबतो, हात कीबोर्डवरून माउसवर न्यायला ०.४ सेकंद आणि नेमकी जागा गाठायला सरासरी १.१ सेकंद लागतात. पाच कळांत होणारं काम एका सेकंदाचं. तेच माउसने दोन ठिकाणी दाबून करायचं आणि हात परत आणायचा, तर तीन सेकंदांच्या वर. जुन्या ऑपरेटरने माउसला नाक मुरडलं ते उगाच नाही. पण ज्याला त्या पाच कळा ठाऊकच नाहीत त्याच्यासाठी हा हिशोब पूर्ण उलटा होतो, आणि असे लोक दर वर्षी वाढत होते.

लोटसला आणखी एक अडचण होती. तिथले मॅक्रो, म्हणजे लोकांनी स्वतः लिहून ठेवलेली आपोआप होणारी कामं, मुळात कळांच्या यादीच होत्या. मेनूतलं एक अक्षर बदललं की कोणाच्या तरी कचेरीतला पगारपत्रक काढणारा मॅक्रो बंद पडणार. तेव्हा माउस आला तरी जुन्या कळांना धक्का लावणं परवडणारं नव्हतं. १९९० च्या ३.१ या आवृत्तीत माउस आला तो सजावटीच्या जोड-प्रोग्रामबरोबर, जुना मेनू जागेवर ठेवून. वर्डपरफेक्टने १९८९ च्या ५.१ मध्ये हेच जास्त नीट केलं असं आमचं मत आहे. पडदा पूर्वीसारखाच जवळजवळ कोरा, बाहेर पडायला एफ-७, मदतीला एफ-३, सगळं तसंच. उजवं बटण दाबलंत तर वर मेनू येणार, नाही दाबलंत तर तो आहे हेही कळणार नाही. जुन्या माणसाने एक सवय सोडायची नाही आणि नव्याला काही पाठ करायला लागू नये, असा तो बेत.

डॉस गेलं, पण तोतया गेला नाही. लिनक्सवर टर्मिनल उघडून एखादं मोठं पान वाचायला घ्या आणि माउसचं चाक फिरवा. पान सरकतं. वाचून दाखवणाऱ्या त्या जुन्या प्रोग्रामला बहुतेक वेळा माउसचं काहीच कळलेलं नसतं. टर्मिनलच त्याला वरच्या-खालच्या बाणाच्या कळा पाठवत असतं.