श्वेत संतुलन आणि रंगतापमान

प्रकाशाच्या छटेनुसार कॅमेऱ्यातील लाल, हिरव्या व निळ्या संकेतांचे प्रमाण बदलून पांढरी वा करडी वस्तू तशीच दिसेल अशी जुळणी करणे म्हणजे श्वेत संतुलन. छायाचित्रकारांत ‘व्हाइट बॅलन्स’ हाच शब्द रूढ आहे.

रंगतापमान : आदर्श कृष्ण पदार्थ तापवला असता ज्या तापमानाला त्या छटेचा प्रकाश देतो, ते त्या प्रकाशाचे रंगतापमान. एकक केल्विन. मेणबत्ती सुमारे १९००, तारेचा पिवळा बल्ब २७००, दुपारचे ऊन ५५००, पावसाळी ढगाळ आभाळ ६५००, निरभ्र दिवसाची सावली ७०००च्या पुढे. आकडा वाढतो तसा प्रकाश निळसर होतो. कॅमेऱ्यावर मात्र आकडा वाढवला की चित्र पिवळसर होते. समोरचा प्रकाश निळा आहे असे धरून कॅमेरा त्याची भरपाई करतो.

उपनगरांतील प्रकाश : बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात दाट झाडीखालचा उजेड पानांतून गाळून हिरवट होतो. केल्विनचा आकडा पिवळ्या-निळ्या छटांपुरताच असल्याने येथे हिरव्या-किरमिजी छटेची ‘टिंट’ ही वेगळी जुळणी लागते. अंधेरी-घाटकोपरच्या गणेशमंडपांत बाहेरचे ऊन, ३२०० केल्विनच्या आसपासचे हॅलोजन आणि रंगीत एलईडी एकत्र येतात. एकाच जुळणीत सर्व बसत नाहीत. मूर्तीच्या मुखावरचा प्रकाश प्रमाण मानावा. रस्त्यावरच्या सोडियम दिव्यांच्या नारिंगी उजेडात निळा अंश फारच थोडा असतो. जो रंग प्रकाशातच नाही, तो संतुलनाने परत येत नाही.

स्वयंचलित जुळणीची मर्यादा : मुलुंडच्या मंगल कार्यालयातील हळदीत अंगावरची हळद, पिवळ्या साड्या आणि झेंडूची तोरणे यांनी चौकट भरते. दृश्याचा सरासरी रंग करडा असतो या गृहीतकावर चालणारी जुळणी तो पिवळेपणा दिव्याचा समजून पुसू लागते. हळद फिकी पडते, चेहऱ्यांवर निळसर झाक येते.

उपाय : नवरीच्या जागी, त्याच उजेडात करडे कार्ड धरून जुळणी ठरवावी आणि दिवे बदलेपर्यंत कायम ठेवावी. चित्रे ‘रॉ’ स्वरूपात घ्यावीत. त्यात सेन्सरच्या मूळ नोंदी राहत असल्याने जुळणी नंतरही बदलता येते; जेपेगमध्ये ती चित्रात मुरलेली असते व मोठा बदल केल्यास रंग बिघडतात. कार्डाला करडे राखणारी जुळणीच हळदीला पिवळे राखते.