दावोसची उंची

आल्प्समध्ये हिवाळी सुटीचे स्थळ निवडताना आज प्रवासी बर्फाची चौकशी करतो. पूर्वी तो हवेची करीत असे. सुमारे १५६० मीटर उंचीवरील दावोस या स्विस गावी १८६५ च्या फेब्रुवारीत, भर हिवाळ्यात आलेले पहिले पाहुणे क्षयरोगी होते. पत्नीच्या क्षयामुळे तेथे राहिलेले लेखक कॉनन डॉयल १८९४ त पायांस स्की बांधून, खिंड ओलांडून आरोसास गेले. १९३४ त उतारावर स्कीवाल्यांना वर ओढणारे यंत्र बसले. पुढे क्षयावर औषधे निघाली आणि रुग्णांचे गाव खेळाडूंचे झाले.

आता हवामान तापून सखल गावांतील बर्फ आटू लागला आहे. तेव्हा जाहिरातींआधी गावाची उंची पाहावी. रुग्णांनी प्राणांसाठी लावलेली कसोटीच आज खेळासाठी लावावी लागते, हा काळाचा फेराच होय.