ट्रकचालक व्यवसाय, भारतातील
ट्रकचालक व्यवसाय, भारतातील : भाड्याने मालवाहतूक करणाऱ्या मालमोटारीवरील पगारी चालकाचा व्यवसाय. यात परवाना मिळणे आणि चांगल्या मिळकतीची गाडी हाती येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली शासनाकडून मिळते. दुसरी दीर्घकाळ ओळख व भरवसा यांवर अवलंबून राहिली. अल्प अनुभवाच्या चालकाची खरी अडचण या दोहोंमधील अंतरात आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात मालवाहतूक प्रामुख्याने एकदोन गाड्या बाळगणाऱ्या छोट्या मालकांच्या हाती राहिली. अशा मालकाची सारी पुंजी एका गाडीत गुंतलेली असल्याने तो ती अनोळखी माणसाकडे सोपवीत नसे. त्यामुळे प्रशिक्षणाची एक अलिखित पद्धत रूढ झाली. मुलगा प्रथम क्लीनर (बोलीत किन्नर) म्हणून गाडीवर चढे. काच पुसणे, चाक बदलणे, दोरखंड व ताडपत्री आवळणे, घाटात चाकाखाली दगड लावणे ही त्याची कामे. मोबदला बहुधा जेवण व किरकोळ पैसे एवढाच. उस्तादाची मर्जी बसल्यास मोकळ्या रस्त्यावर सुकाणूचक्र त्याच्या हाती येई. हे बेकायदेशीर होते, तरी देशातील असंख्य चालक याच शाळेत तयार झाले. या उमेदवारीची नोंद मात्र कोठेही होत नसे; उस्तादाचा शब्द हेच प्रमाणपत्र. उस्तादाशी बिनसले, की वर्षांची मेहनत वाया जाई.

वेतनाची रचनाही नवोदिताला प्रतिकूल होती. ठरलेल्या पगाराखेरीज खेपेमागे भत्ता आणि वाटखर्चासाठी दिलेल्या उचलीतून उरणारी रक्कम, असे उत्पन्नाचे घटक असत. डिझेल वाचविणे, तपासणी नाक्यावर कमी वेळ दवडणे, परतीचा माल मिळविणे यांत मुरलेला चालक अधिक कमावी. १९७५ मध्ये राष्ट्रीय परवाना योजना सुरू झाल्यावर आंतरराज्य लांब पल्ल्याची वाहतूक सुलभ झाली. पण अशा खेपा साहजिकच जुन्या चालकांकडे गेल्या. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ याने दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली होती. तथापि तो पाच वा अधिक कामगारांच्या उपक्रमांना लागू असल्याने छोट्या मालकाकडील चालकाला त्याचा फारसा उपयोग नव्हता. (पुढे या तरतुदी २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत समाविष्ट करण्यात आल्या.)

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये परिवहन वाहन चालविण्यास वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात, तसेच त्याच्या शिकाऊ परवान्यापूर्वी हलके वाहन चालविण्याचा परवाना किमान एक वर्ष जवळ असावा लागतो. क्लीनर म्हणून घालविलेली वर्षे या गणनेत येत नाहीत. आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेला निर्णय नवोदितांना अधिक उपकारक ठरला : हलक्या वाहनाचा परवानाधारक एकूण ७,५०० किग्रॅ.पर्यंतचे परिवहन वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकतो, असे त्यात ठरले. त्यामुळे टेंपोसारख्या छोट्या मालवाहनावर उघडपणे अनुभव मिळविण्याची वाट कायद्याने निर्वेध झाली.

अनुभवाची उणीव विशेष कौशल्याने काही अंशी भरून निघते. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यावर महाराष्ट्रात कंटेनरवाहू ट्रेलरची वाहतूक वाढली. लांब ट्रेलर मागे घेणे हे साध्या मालमोटारीहून निराळे कसब असून ते येणाऱ्याला मागणी असते. इंधन व रसायनांच्या टँकरसाठी तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार तीन दिवसांच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, तसेच आठव्या अनुसूचीतील एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहितावाचता येणे आवश्यक आहे. धोकादायक मालाच्या परवान्याची मुदत पूर्वी एक वर्ष होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती तीन वर्षे झाली. घाटाघाटांत मुरलेला, पण शाळा अर्धवट सोडलेला जुना चालक या इंग्रजीच्या अटीपाशी अडतो, आणि त्याच्याहून कितीतरी कमी मैल हाकलेला शिकलेला तरुण पुढे जातो.