तळटीप १२ : ‘काडी नसलेला मोबाइल’

१२. काडी दिसली नाही, तरी अँटेना फोनच्या आत असतेच. तिला साधारण पाव तरंगलांबी लागते : ९०० मेगाहर्ट्‌झला सुमारे ८ सेंमी, १८०० ला ४. म्हणून धातूच्या पातळ पट्टीला खाच पाडून, ती दुमडून एकाच तुकड्यात दोन वाटा काढतात. लांब वाट खालच्या (९०० च्या) कंप्रतापट्ट्याची, आखूड वरच्याची (१८०० ची). १९९९ च्या नोकिया ३२१० मध्ये दोन्ही कंप्रतापट्ट्यांची अँटेना अशीच आत दडवलेली होती. मोठे कसबाचे काम ते! कोल्हापूरच्या ९४.३ मेगाहर्ट्‌झवरील टोमॅटो एफएमला मात्र पाव तरंग म्हणजे जवळजवळ ८० सेंमी. एवढी लांबी खिशातल्या फोनात कुठून मावणार? तिथे इअरफोनची वायरच अँटेना होते. वायर उपसताच गाण्याच्या जागी खरखर येते, ती यामुळे. – संपा.